सयाजीचा खुराक

कुरुळीच्या सयाजीने आयुष्यातला पहिला मोठा मार खाल्ला तो पुरणपोळीपायी. होळीचा दिवस होता. सात-आठ वर्षांचं पोर पोटाला तडस लागेपर्यंत पोळ्या खाऊन उठलं आणि बोंबा मारणाऱ्या पोरांबरोबर गावभर पळत सुटलं. परत आलं तेव्हा ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून मिटलेले, ओठ उलटे झालेले, पाठीवर आणि मांड्यांवर तळहाताएवढ्या लाल गांधी उठलेल्या, आणि नखांनी ओरबाडून कातड्यातून रक्त काढलेलं. बापाला वाटलं, कार्टं खाजकुयलीत लोळून आलं. त्याने बैलाच्या दाव्याने पोराला झोडपून काढलं. आई अंबूबाईने मग त्याच्या अंगाला आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत गांधी बसल्या. "पित्त उठलं हुतं," ती म्हणाली आणि विषय तिथंच मिटला.

तो मिटायला कारणही तसंच होतं. त्या माळावर वर्षभर खायची ती बाजरी. गहू सणासुदीला यायचा आणि सणाबरोबर जायचा. पित्तही तसंच कधीतरी उठायचं, आणि तेही पोळी खाऊन पोर उड्या मारत हिंडलं तरच. पोळी खाऊन झोपी गेलं तर काहीच व्हायचं नाही. त्यामुळे या दोन गोष्टींची सांगड घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, सयाजीच्याही नाही.

भाकरी, म्हशीचं दूध आणि तालमीतली लाल माती यांवर सयाजी चांगला रुंद झाला. तालमीचे वस्ताद दत्तोबा. जवानीत ते कोल्हापूरला राहून आलेले. त्यांचे दोन्ही कान चुरगळलेल्या पानासारखे झाले होते आणि हातात कायम निरगुडीची छडी असायची. पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय खेचताना, स्वतःचा पाय चुकला की छडी पोटरीवर बसायची आणि पोटरी फुटायची. सयाजीने ती छडी पुष्कळ खाल्ली आणि आजूबाजूच्या जत्रांमधून पुष्कळ नारळ जिंकून आणले.

त्याचं लग्न झालं महाळुंग्याच्या दौलतरावांच्या शालनशी. शालनचा पाठचा भाऊ सोनबा हाही पैलवानच. बहिणीला पोचवायला आला की अंगणातच दोघे एकमेकांना भिडायचे, कोंबड्या उधळायच्या, चुलीपुढचं सरपण विस्कटायचं. शालन आतून ओरडायची, "आदी भाकरी खावा, मंग मोडा एकमेकांची हाडं!" सोनबा सयाजीला दाजी म्हणायचा, आणि दाजीची मान काखेत धरूनच म्हणायचा.

तर अठ्ठावन्न सालच्या भोसरीच्या जत्रेत शेवटची कुस्ती या दोघांचीच ठरली. आदल्या वर्षी महाळुंग्याच्या एका गड्याने कुरुळीच्या भैरूला आस्मान दाखवलं होतं, तर कुरुळीकर म्हणाले की भैरूचा पाय आखाड्याबाहेर होता. त्यावरून दगड सुटले, डोकी फुटली. ती आग वर्षभर धुमसत राहिली. कुरुळीला सयाजी हवा होता, महाळुंग्याला सोनबा. सयाजीने वस्तादांना विचारून पाहिलं, "मेव्हण्याशी कशी लढायची वो?" दत्तोबा म्हणाले, "चपला काडतूस ना आखाड्याभायेर? नातंबी तितंच काडून ठिवायचं."

आणि मग त्यांनी खुराक बदलला.

दत्तोबांचं म्हणणं असं की बाजरी उष्ण. चैताच्या उन्हात बाजरी खाऊन माणूस आतून पेटतो. गहू थंड, गव्हाने मांस चढतं, कोल्हापूरला सगळे पैलवान गव्हावरच पोसले जातात. चाकणच्या रेशनच्या दुकानात तेव्हा बोटीने आलेला लाल गहू मिळू लागला होता. दत्तोबांनी घरोघर फिरून गावाच्या नावाने गहू गोळा केला आणि त्याचं पोतं सयाजीच्या ओसरीवर आणून टाकलं. शालन तो भिजवायची, कांडायची, गूळ आणि दूध घालून शिजवायची. तालमीला जायच्या आधी पितळीभर खीर. संध्याकाळी तुपातल्या चपात्या.

पहिल्याच दिवशी, जोर मारता मारता सयाजीचे तळहात खाजू लागले. वरून नव्हे, आतून, कातड्याखाली लाल मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे. मग तळपाय, मग कानांच्या पाळ्या, मग जांघा. पाठीवर गांधी उठल्या आणि त्यांवर लाल माती चिकटली. पोटात असा पिळा पडला की तो लंगोटावरच बांधाकडे पळाला. मागून पोरं खिदळली. "वस्ताद, पैलवान पट काडायच्या ऐवजी वाट काडतोय बगा!"

"उष्णता निगतीया," दत्तोबा म्हणाले. "बाजरी भायेर पडतीया अंगातनं. खीर वाडवा."

खीर वाढली तसं दुखणंही वाढलं. आता घशात बोळा कोंबल्यासारखं व्हायचं. जीभ दातांत मावायची नाही. समोरच्याचे दोन-दोन चेहरे दिसायचे. एकदा भैरूने मागून त्याच्या गळ्याभोवती हात टाकला. रोजचाच डाव, पण आधीच श्वास अडकलेल्या सयाजीला वाटलं की हा जीवच घेतोय. त्याने भैरूचा हात धरून गुरासारखा हिसडा दिला, त्याला खांद्यावरून आपटलं आणि वर गुडघ्यांनी कोसळला. भैरूच्या गळ्याखालचं हाड वाळक्या फाट्यासारखं मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. भैरू किंचाळत होता आणि दत्तोबा छडी नाचवत होते. "शाबास! आसा राग पायजे आखाड्यात!"

ज्या दिवशी तालमीला सुट्टी असे त्या दिवशी खीर खाऊनही विशेष काही व्हायचं नाही. तेव्हा सयाजीने दोष दिला मातीला. हौदातली माती उपसून नवी आणली, तिच्यात ताक, हळद आणि तेल नव्याने मुरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो शालनला म्हणाला, "खीर नगं वाटती गं."

"मंग गुमान भाकरी खावा. कुनाला कळतंय?"

त्या सकाळी भाकरी आणि दूध घेऊन तो तालमीत गेला आणि कितीतरी दिवसांनी त्याचं अंग मोकळं झालं. एकामागून एक पोरं त्याने उचलून टाकली. पण कांडलेला गहू तसाच उरलेला अंबूबाईने पाहिला, ती शेजारणीपाशी बोलली आणि दुपारी दत्तोबा दारात हजर झाले. त्यांनी टोपल्यातल्या भाकऱ्या छडीने अंगणात उडवल्या. "गावानं तोंडचा घास काडून गहू दिला आन ही बया त्याला भाकरी घालती? का गं, भावाला जितवायचा इचार हाय का?"

शालन म्हणाली, "त्यांनीच मागितली."

सयाजी खाली मान घालून उभा होता. "व्हय, म्याच मागितली," एवढं त्याने म्हणायला हवं होतं. पण पैलवानाला खुराक झेपत नाही हे गावात पसरलं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तो गप्प बसला. तेवढ्या गप्प बसण्याने पुढचं सगळं घडलं.

जत्रेच्या दिवशी कुरुळीच्या गाड्या मोशीला इंद्रायणी ओलांडून भोसरीला पोचल्या. शालनने पितळी डब्यातून खीर नेली होती. लिंबाखाली बसून सयाजीने ती संपवली, तिने डबा बोटाने पुसून खाल्ला. ऊन उतरताना शेवटच्या कुस्तीची हलगी कडाडली. सोनबाने शड्डू ठोकला, सयाजीने ठोकला, दोघांनी एकमेकांच्या खांद्यांवर माती टाकली आणि हात मिळाले.

पहिल्या खडाखडीतच सयाजीचे तळहात पेटले. त्याने ओळखलं आणि तो घाबरला. घाबरल्यामुळे तो लवकर उरकायला गेला. सोनबाच्या कानशिलावर त्याने कोपर हाणलं, सोनबाची भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. कुरुळीकरांनी आरोळी ठोकली. सोनबाने वाकून पट काढला, सयाजीला खाली घेतला आणि पाठीवर सवारी भरली. मातीत तोंड रुतलेलं, वर मेव्हण्याचं वजन, पाठीवर गांधींचा डोंब, आणि श्वासाची वाट बारीक होत होत सुईच्या नेढ्याएवढी झालेली. सयाजी तडफडला. त्याने मागे हात टाकून सोनबाचं बोट पकडलं आणि मोडायला पिरगाळलं. सोनबाने त्याला उताणा करायला खांद्याखाली हात घातला, तेव्हा त्याला सयाजीचं तोंड दिसलं.

"दाजी?" त्याची पकड सुटली. "दाजी, त्वांड काळं पडलंय तुमचं! अरं पानी आना! पानी!"

दाजी पालथा पडला तो हलला नाही.

एवढ्या ईर्ष्येची कुस्ती, गडी जवळजवळ चीत झालेला, आणि समोरचा पैलवान पकड सोडून पाणी मागतो, हे कुरुळीने कधी पाहिलं नव्हतं. सयाजीचा चुलता आबाजी सगळ्यांच्या पुढे होता. तो ओरडला, "ह्यानं सोडला कसा? ह्याला म्हाईत हुतं! बहिनीनं खिरीत काय घातलंय ते आदीच म्हाईत हुतं!"

एवढं पुरलं. माणसं आखाड्यात घुसली. सोनबा पाण्याचा तांब्या घेऊन वाकला होता, तसाच त्याला पाठीत लाथ बसली. आबाजीने कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी उगारून त्याच्या गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. महाळुंगेकर धावले, दगड उडाले, हलगी तुडवली गेली. पंचांच्या फेट्यांना रक्त लागलं. सयाजीला पायांना धरून ओढत गाडीत टाकलं. गाडीच्या हिसक्यांनी त्याला भडभडून उलटी झाली, तेव्हा कुठे त्याच्या छातीत वारा शिरला.

घरी अंगणातच अंबूबाईने सुनेचे केस धरले. "काय घातलंस खिरीत? बोल, सटवे!"

"त्याच डब्यातलं म्याबी खाल्लं. ह्यांनी बगितलं. इचारा त्यांना."

सगळ्यांनी सयाजीकडे पाहिलं. त्याने पाहिलं होतं खरं. पण त्याची जीभ अजून जड होती, डोळे चिरांएवढेच उघडत होते, गावासमोर मातीत तोंड घालून पडल्याची लाज अंगात ठणकत होती. ती लाज कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय त्याला उभंच राहता येईना. तो उठला आणि त्याने शालनच्या तोंडात मारली. कुस्तीगिराचा हात तो. ती दाराच्या चौकटीवर आदळली, ओठ फाटला. ती सावरून उभी राहिली, त्याच्याकडे नुसती पाहत राहिली, तेव्हा त्याने आणखी मारलं, आणि पडल्यावरही मारलं. कोणी मध्ये पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दौलतराव माणसं आणि काठ्या घेऊन आले. लेकीचं तोंड त्यांनी दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाले, "पोराचा पाय घेतला. आता हिला मारून कुटं पुरनार हुता, जावईबापू?" सयाजी आतून बाहेर आला नाही. शालनला गाडीत घालून ते घेऊन गेले.

"बरं झालं, बला गेली," अंबूबाई म्हणाली. तिने स्वतः गहू कांडला, स्वतः खीर शिजवली आणि लेकाला भरवली. सयाजी अंथरुणावर पडून खीर खात होता. पोट तटतटून फुगायचं, वारा धरायचा, पण गांधी उठल्या नाहीत, घसा आवळला नाही. गावाला याहून मोठा पुरावा कोणता? शालन गेली आणि दुखणं गेलं. सयाजीलाही ते पटलं. पटवून घेण्यात त्याचा फायदाच होता, कारण डोळे मिटले की शालनची नजर दिसायची.

बरं वाटू लागल्यावर तो तालमीत उतरला. आईच्या हातची खीर खाऊन आला होता. एका नवख्या गड्याशी झोंबताना तळहातांत मुंग्या पेटल्या. थोड्याच वेळात तो हौदात लोळत होता, नखांनी स्वतःचा गळा फाडत होता, आणि चौघे त्याचे हात धरून बसले होते. उलटी झाली म्हणून वाचला.

तालमीच्या भिंतीला टेकवून त्याला बसवलं होतं. समोर दत्तोबा आणि आबाजी बोलत होते. "तितं बसून करतीया," आबाजी म्हणत होता. "बाहुली पुरलीया कुटंतरी. फरफटत आनू, देवाम्होरं उबी करू आन तिच्याच हातानं उकरून काडू. न्हाई उकरली तर हात तोडू." दत्तोबांनी मान हलवली. सकाळी निघायचं ठरलं.

सयाजीने सगळं ऐकलं. घसा एवढा सोलपटला होता की शब्द फुटेना. घरी पडल्या पडल्या तो एकेक गोष्ट मनात मांडू लागला. आजची खीर आईची होती, शालन महाळुंग्यात. माती म्हणावी, तर भोसरीची माती वेगळी. खीर खाऊन अंथरुणात पडला होता तेव्हा काही नाही. भाकरी खाऊन पोरं उचलून टाकली तेव्हा काही नाही. खीर खाल्ली आणि अंगाला घाम फोडला, की मरण. दर वेळी तेच. लहानपणीच्या होळीची पोळी आणि ती पळापळही त्याला आठवली. कोणी काही घातलं नव्हतं. गहूच त्याचा वैरी होता, आणि त्या वैऱ्याला कसरतीची सोबत लागत होती. हे ध्यानात आल्यावर त्याला हायसं वाटलं नाही. आपण कोणाला आणि कशासाठी मारलं, हेच आता त्याच्यासमोर उभं राहिलं.

सकाळी त्याला जाग आली तेव्हा माणसं काठ्या घेऊन नुकतीच पायी निघून गेली होती. तो आईला म्हणाला, "आये, कांडलेला गहू हाय न्हवं? खीर कर. बिगीनं. आन माज्यासंगं गाडीत चल."

"आता खीर? कशापायी?"

"मला गहू सोसत न्हाई. गावाला दावायचंय."

"अरं खुळ्या, अन्न हाय ते! अन्नानं कुटं मानूस मरतं?"

"मंग करायला काय जातंय तुजं?"

ते महाळुंग्याला पोचले तेव्हा दौलतरावांचं अंगण माणसांनी भरलं होतं. दौलतराव तुळशीपाशी बसले होते, त्यांच्या कपाळातून रक्त गळत होतं. पडवीत बाजेवर सोनबा, गुडघा फळ्यांमध्ये बांधलेला, हातात कोयता धरून ओरडत होता, "या की रं जवळ! एकेक या!" आबाजीने शालनचे केस मनगटाला गुंडाळले होते आणि तो तिला वेशीकडे ओढत होता. तिचे गुडघे सोलून निघाले होते. महाळुंग्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन गल्लीतून धावत येत होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर मुडदे पडले असते.

सयाजी गाडीतून उडी टाकून धावला. त्याने चुलत्याचं मनगट पकडून असं पिळलं की बोटं आपोआप उघडली, आणि त्याला ढाक लावून धुळीत आपटला. आपलाच पैलवान आपल्याच माणसाला मारतोय हे बघून काठ्या क्षणभर थबकल्या.

"खीर आनलीया," सयाजी मोठ्याने म्हणाला. "आये, सांग समद्यांना. कुनी केली?"

"म्या केली," अंबूबाई म्हणाली. "माज्या हातानं. काय वंगाळ हाय तिच्यात?"

"वस्ताद, खावा. आबा, ऊठ, तूबी खा."

दत्तोबांनी घास खाल्ला, आबाजीने धूळ झटकत खाल्ला. कोणाला काही झालं नाही. मग उरलेली सगळी खीर सयाजीने उभ्या उभ्या संपवली, अंगातला सदरा काढला आणि अंगणाच्या मधोमध बैठका मारायला सुरुवात केली.

बराच वेळ काहीच झालं नाही. तो घामाने निथळू लागला, बाकी काही नाही. कुणीतरी हसलं. "खेळ लावलाय व्हय? न्हेऊ का न्हाई तिला?" आबाजी पुन्हा शालनकडे सरकला. सयाजीला वाटलं, आज नेमकं अंग दगा देतंय. तो जोर मारू लागला, छाती जमिनीला घासेपर्यंत, दात खाऊन.

मग तळहात पेटले.

त्याने तळवे वर करून सगळ्यांना दाखवले आणि पुन्हा जमिनीला टेकले. पाठीवर पहिली गांध उठली, शेजारी दुसरी, बघता बघता त्या एकमेकींना मिळाल्या आणि पाठ लाल सुजट ढेकळासारखी झाली. डोळे मिटले. ओठ टम्म फुगले. श्वास घेताना शिट्टी वाजू लागली. महाळुंगेकरांच्या कुऱ्हाडी खाली आल्या होत्या. दत्तोबा पुढे झाले. "बास लेका! कळलं! थांब!" सयाजी थांबला नाही. आबाजीच्या हातात अजून काठी होती. आणखी एक जोर, आणखी एक, आणि तो तोंडावर पडला. पाय झाडत होता, छाती हलत नव्हती.

सगळे जागच्या जागी खिळले. शालनही उभीच होती. विस्कटलेल्या केसांतून ती त्याच्याकडे बघत होती आणि लगेच पुढे झाली नाही, हे तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. मग ती आली. त्याला कुशीवर वळवून, मान गुडघ्यावर घेऊन तिने दोन बोटं त्याच्या घशात घातली. त्याचे जबडे आवळले, दात तिच्या बोटांत रुतले, रक्त तिच्या मनगटावरून ओघळलं. तिने बोटं काढली नाहीत, आणखी आत सारली. खीर रक्तासकट बाहेर पडली. पुन्हा पडली. आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज करत श्वास आत गेला.

काठ्या घेऊन आलेली माणसं एकेक करून निघून गेली. दत्तोबा शेतातून वाट काढत गेले. आबाजी मात्र जाता जाता म्हणत होता, "गव्हावर करनी केलीया, दुसरं काय." पण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

सयाजीला बोलता येऊ लागलं तेव्हा तो शालनला म्हणाला, "चुकलो म्या. चल घरी."

ती बोटांना चिंधी बांधत होती. "मला मारलंसा तवा पोटात गहू हुता तुमच्या. पर हात काय गव्हानं उचलला न्हवता." आणि ती आत निघून गेली.

सयाजी अंबूबाईला घेऊन कुरुळीला परतला. उरलेला गहू त्याने गावाला परत केला आणि तालमीत जाऊन सांगितलं की मी लढणार तर भाकरीवर, नाहीतर लढणार नाही. पोरांनी त्याला भाकऱ्या पैलवान नाव ठेवलं. त्याने ते चालवून घेतलं.

मृग लागल्यावर तो आपले बैल घेऊन महाळुंग्याला गेला आणि न विचारता सोनबाच्या रानात औत धरलं. दौलतराव बांधावर येऊन शिव्या देऊ लागले. एकदा त्यांनी ढेकूळ फेकून मारलं, ते कानाला लागलं. सयाजीने कान पुसला आणि बैल वळवले. घरून आणलेली भाकरी तो बाभळीखाली एकटाच खायचा. सोनबाचा पाय जुळला, पण वाकेना. काठी टेकत तो बांधापर्यंत यायचा आणि उभा राहायचा. पुष्कळ दिवस तेवढंच. मग एकदा ओरडला, "दाजी, तास वाकडं जातंय! नांगर धरलाय का म्हशीचं शेपूट?"

"मंग ये की, तू धर!"

"यीन की, माजा गुडगा आनून द्या आदी."

सयाजीचा औताच्या मुठीवरचा हात तिथंच राहिला. थोड्या वेळाने बैल आपणच चालू लागले.

पेरणी झाली, खुरपणी झाली, बाजरी निसवली, कणसं भरली, कापून खळ्यावर आली. ते सगळं सयाजीने केलं. मळणी संपली त्या दुपारी शालन बोचकं घेऊन खळ्यावर आली. तिच्या दोन बोटांवर त्याच्या दातांचे पांढरे व्रण उमटले होते. ओठ जिथे फाटला होता तिथे तो आता कायमचा किंचित वर ओढलेला होता. मागे दौलतराव उभे होते.

"येती म्या," ती म्हणाली. "पर एक ध्यानात ठिवा. परत हात उचललासा, तर शब्दानं भांडायची न्हाई. भाकरीच्या पिठात मूठभर गव्हाचं पीठ घालीन, तुमाला पोटभर वाडीन, आन म्हनीन, जावा, बैलं सुटल्यात, जरा पळत जाऊन धरून आना."

सयाजी हसायला गेला. तिचं तोंड बघितलं आणि हसू तिथंच राहिलं.

"व्हय," तो म्हणाला.

मग तिने बोचकं गाडीत टाकलं आणि चाकावर पाय देऊन ती वर चढली.